जादूगाराले बायको नसते

धीरजनं आयुष्यात चुका पुष्कळ केल्या, पण बारा फूट बाय आठ फूट मापाची चूक एकदाच केली. ती त्यानं सीताबाईच्या तेरवीच्या सकाळी, चंपतमामाच्या अंगणात, स्वतः शिडीवर चढून, चारही कोपऱ्यांना सुतळीच्या दुहेरी गाठी मारून, वारा आला तरी सुटणार नाही अशी पक्की बांधली.

बांधताना तो फ्लेक्सच्या मागच्या बाजूला होता. मागून फ्लेक्स पांढराच दिसतो, मग तो लग्नाचा असो, वाढदिवसाचा असो की श्रद्धांजलीचा. त्यामुळे त्याला आधी चित्र दिसलंच नाही, माणसांचे चेहरे दिसले. कापडाच्या वरून मान काढून पाहिलं, तर सतरंजीवर बसलेली झाडून सगळी मंडळी वर बघत होती आणि एकाचंही तोंड मिटलेलं नव्हतं. आचारी हातात झारा घेऊन चुलीपासून इथवर आला होता. मग मामाच्या बहिणीचा, पंचफुलाबाईचा आवाज आला. त्या आवाजाची पट्टी रडण्याची नव्हती.

धीरज खाली उतरला, समोर आला आणि त्यानं पाहिलं. फ्लेक्सवर सीताबाई नव्हती. चंपतमामा होते. मागे निळे डोंगर, डोंगरावर विजा, आभाळात पंखांचा एक अजगर तोंडातून जाळ काढत चाललेला. समोर मामा, छातीपर्यंत रुळणारी पांढरीशुभ्र दाढी, अंगावर घोंगडी, हातात काठी, काठीच्या टोकाला हिरवा उजेड आणि डाव्या कोपराजवळ सोनेरी तेजाचा एक गोळा. खाली जिथं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हवं होतं, तिथं ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: ‘घाबरू नको वत्सा. दुसऱ्या भागात मी परत येतो.’

आणि त्याच्याच खाली, पाटावर, खरे चंपतमामा बसले होते. मामांना मुलगा नाही, एक मुलगी, ती रिसोडला दिलेली. त्यामुळे बायकोच्या दहाव्याला सगळे विधी मामांनीच केले होते आणि न्हाव्यानं डोकं, दाढी, मिशी, सगळं उतरवून टाकलं होतं. चाळीसेक वर्षं उन्हाचं तोंड न पाहिलेली हनुवटी उघडी पडली होती. गावातल्याच माणसांना त्यांच्याकडे दोनदा पाहावं लागत होतं, मग परगावच्यांची काय कथा. जीपमधून उतरलेली एक म्हातारी फाटकातून आत आली, तिनं फ्लेक्स पाहिला, आणि जागीच बसकण मारून चंपतच्या नावानं गळा काढला. असा कसा गेला रे चंपत, काही बोललाही नाही रे. मामा उठले, माठातलं पाणी गडव्यात घेतलं आणि तिला नेऊन दिलं. ती पाणी प्यायली, गडवा परत दिला आणि पुन्हा चंपतच्या नावानं रडायला लागली. मामा परत पाटावर येऊन बसले.

फ्लेक्स सोडवायला बराच वेळ लागला. गाठी पक्क्या होत्या.

*

कामरगावच्या बसस्टँडजवळ धीरजचा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक निळा पडदा, एक स्टूल, दोरीला बांधलेला कंगवा आणि एक संगणक. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं डिझाइन. डिझाइन इथं व्हायचं, छपाई कारंज्याला. संध्याकाळी मोबाईलवरून फाईल पाठवली की सकाळच्या जीपमध्ये गुंडाळी येते. वाढदिवस आणि श्रद्धांजली यांचा साचा धीरजकडे एकच होता. फुगे काढले की समई टाकायची, ‘शुभेच्छुक’ काढलं की ‘शोकाकुल’ टाकायचं. खालची नावं तीच राहायची, कारण पुढारी तेच असायचे.

या धंद्यात गिऱ्हाईक कमी आणि बसून राहणं जास्त. त्या बसून राहण्यात धीरजनं मोबाईलवर ‘शहाना बाबा’ नावाचं विनोदी चित्रांचं पान काढलं.

हा बाबा मूळचा आपला नव्हे. इंग्रजी जादूचे जे पिक्चर हिंदीत होऊन मोबाईलवर येतात, त्यांत एक म्हातारा हमखास असतो. दाढी, झगा, काठी. त्याला सगळं ठाऊक असतं, पण सरळ विचारलं तर तो कोड्यात बोलतो. मिसरूड न फुटलेल्या पोराला राक्षसाच्या गुहेकडे धाडतो आणि स्वतः मात्र वेगळ्याच कामाला निघून जातो. पहिल्या भागाच्या शेवटी तो मरतो, थेटरात नाकं ओढली जातात, आणि दुसऱ्या भागात काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं परत येतो. या म्हाताऱ्याची टिंगल करणारी चित्रं देशभरची पोरं बनवत होती. धीरजला वाटलं, आपणही एक बाबा करावा, पण वऱ्हाडात वाढलेला.

त्याचा बाबा म्हणायचा, ‘वत्सा, अंधाराले भेऊ नको. लोडशेडिंग हाय.’ किंवा, ‘वत्सा, तुयी वाट लय कठीण हाय. कंत्राटदार पळाला.’ किंवा, ‘वत्सा, राक्षस बाहेर नाही, तुयाच पोटात हाय. जंताची गोळी घे.’ गावातली आणि आसपासची मिळून शे-दीडशे माणसं हसायची. धीरजला तेवढं पुरत होतं.

बाबाला चेहरा हवा होता. तो त्याला बाजारात सापडला.

*

चंपतमामा भाजीवाले. गावाला लागूनच त्यांचं थोडं बागायती वावर आहे. वांगी, मिरची, मेथी, सांबार, म्हणजे कोथिंबीर. पिकवायचं काम मामांचं आणि विकायचं सीतामामीचं. बाजाराच्या दिवशी दोघं एकाच पोत्यावर बसत. मामी वाटे लावायची, भाव सांगायची, गिऱ्हाइकाच्या सासूची चौकशी करायची, उरलेल्या मिरच्या कुणाच्या तरी पिशवीत जबरदस्तीनं कोंबायची. मामा फक्त बसायचे. त्यांच्या बोलण्याचा सगळा कारभार मामीकडेच होता. लग्न ठरताना मुलगी पाहायला गेले तेव्हा मामांनी एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी मुलीनंच विचारलं म्हणतात, बोलता येते ना यायले? मामांनी मान हलवली आणि लग्न ठरलं. दाढी वाढवण्याचं कारणही तेच होतं. न्हाव्याकडे गेलं की बोलावं लागतं.

गेल्या हिवाळ्यात धीरज सांबार घ्यायला गेला होता. सकाळचं तिरपं ऊन होतं. मामा घोंगडी पांघरून, काठी उभी धरून बसले होते आणि डावीकडे मामीकडे पाहत होते. एक भुवई वर, ओठ हसण्याच्या आणि चिडण्याच्या बरोबर मधे थांबलेले. मामी मान खाली घालून मिरच्यांचे वाटे लावत होती, एक हात मामांच्या कोपराशी टेकलेला, त्या हातात एक वांगं. धीरजनं मोबाईल काढला आणि फोटो मारला. मामीला समजलंच नाही. समजलं असतं तर तो फोटो झालाच नसता, कारण कॅमेरा दिसला की ती पदर तोंडावर ओढायची. या थोबाडाले काय पाहता, म्हणायची.

स्टुडिओत येऊन धीरजनं फोटोतला मामीकडचा भाग कापला. मामी गेली. तिचा हात मात्र मामांच्या कोपराशी उरला, वांग्यासकट. तो काढायचा तर कोपरही जात होतं, म्हणून धीरजनं त्याच्यावर सोनेरी तेजाचा गोळा बसवला. काठीला उजेड दिला. मागे डोंगर आणि अजगर लावले. मामीकडे पाहणारी ती नजर आता डोंगरांच्या पलीकडे, युगांच्या पार पाहायला लागली. धीरजनं ते चित्र दोनदा मोठं करून पाहिलं. इतका शहाणा माणूस त्यानं या तालुक्यात पाहिला नव्हता.

पुढच्या बाजारी त्यानं ते दोघांना दाखवलं. मामांनी पाहिलं आणि वांग्यांवर पाणी शिंपडायला लागले. मामी मात्र मोबाईल हातात घेऊन हसली, इतकी हसली की शेजारचे पुंजाजी आपला कांदा सोडून बघायला आले. मग म्हणाली, “अन मी कुठी गेली रे?”

“मामी, जादूगाराले बायको नसते.”

“म्हणूनच मुडदा दाढी वाढवून रानोमाळ हिंडते,” मामी म्हणाली आणि मिरच्यांकडे वळली.

*

सीताबाई आजारी वगैरे पडली नाही. सकाळी मेथीच्या जुड्या बांधायला बसली होती, शेवटची जुडी हातात होती, सुतळीचा एक फेरा झाला होता.

तेरवीच्या फ्लेक्ससाठी फोटो शोधायला लागले तेव्हा घराच्या ध्यानात आलं की तिचा फोटोच नाही. मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती पानोपानी आहे, पण कुठं पाठ, कुठं पदर, कुठं कुणाच्या तरी फेट्याआड कपाळ. मुलीच्या, प्रियदर्शनीच्या मोबाईलमध्येही नातवाला मांडीवर घेतलेला एक पदर आहे. उरला आधार कार्डाचा फोटो. आधारच्या फोटोत कुणीच स्वतःसारखं दिसत नाही, पण सीताबाई तर कुणासारखीच दिसत नव्हती. प्रियदर्शनी रडत म्हणाली, भाऊ, हाच घ्या आता. धीरजनं तोच मोठा केला, समई लावली, शोकाकुलांची नावं टाकली. मग फाईल पाठवली. त्याच्या संगणकात मामांच्या घरच्या सगळ्या कामांवर ‘चंपत फायनल’ असंच नाव होतं. एक फायनल, एक नवीन फायनल, एक खरं फायनल. त्या संध्याकाळी त्याचं बोट भलत्याच फायनलवर पडलं.

तेरवीला आलेल्या कुणीतरी त्या फ्लेक्सचा फोटो काढला. वर विजांतला बाबा, खाली बोडका म्हातारा, समोर रडणारी बाई. दोन-चार दिवसांत तो कुठल्या कुठं गेला. कुणी खालचं सगळं कापलं आणि फक्त बाबा घेतला. तमिळमध्ये बाबा बोलायला लागला, बंगालीत बोलायला लागला. दातांच्या पावडरीच्या जाहिरातीत आला, स्पर्धा परीक्षेच्या क्लासच्या भिंतीवर आला. कुणीतरी विचारलं की बाबा पाहतात तरी काय? त्याच्याखाली हजारो उत्तरं आली. भविष्य. वैराग्य. मृत्यूच्या पलीकडचं. सोयाबीनचा भाव. कोपराजवळच्या गोळ्याबद्दल तर वेगळी चर्चा. कुणी म्हणे ते ज्ञान आहे, कुणी म्हणे बाबांचा आत्मा ते शरीराबाहेर ठेवतात.

‘शहाना बाबा’च्या पानावर माणसं लोटली. धीरजनं आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते हेच होतं, आणि आता त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. आनंद नाही, लाजही धड नाही. नळ टपकत असला की माणूस उठून बंद करत नाही, नुसता ऐकत पडतो, तसा तो आकडे वाढताना पाहत राहिला.

मग माणसं गावातही यायला लागली. मोटारसायकलींवरून, एकदा तर चारचाकी घेऊन. कारंज्याच्या कॉलेजची तीन पोरं बाजारात आली आणि त्यांनी नेमकं चंपतमामांनाच विचारलं की दाढीवाले बाबा कुठी भेटते. मोबाईलवर चित्र दाखवलं. मामांनी ते हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिलं. मग ‘हा आता इथं राहत नाही,’ एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी पोरांनी जाहीर करून टाकलं की बाबा हिमालयात गेले.

मामा बाजारात बसत होते, पण विकत नव्हते. भाव सांगायची सवय त्यांना नव्हती. कुणी विचारलं तर ते त्या माणसाकडे पाहत, आणि तो माणूस मनाला येईल ते देऊन जाई. वाटे त्यांना कधी लावावे लागलेच नव्हते, त्यामुळे एका वाट्यात चार वांगी तर शेजारच्यात दहा. त्यात ना दया होती ना हिशेब. हाताला जेवढं आलं तेवढं ठेवलं, झालं. दोन्ही वाटे त्यांना सारखेच दिसत होते. पण एका हौशी माणसानं त्याचंही चित्र काढून मोबाईलवर टाकलं. ‘इथला म्हातारा माणूस ओळखून वाटा देतो, ज्याची जेवढी गरज तेवढी वांगी.’ त्याच्यावर लोक हळहळले. हा म्हातारा तोच बाबा आहे, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

पंचफुलाबाईनं हे पाहिलं आणि ती भावाच्या शेजारी येऊन बसायला लागली. तिनं वाटे सारखे केले, भाव सांगितले, आणि समोरून धीरज दिसला की अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणायची, आला पाहा वत्स. धीरज मान खाली घालून जायचा. त्या बोलण्याचं त्याला बरंच वाटायचं. निदान एका माणसाचा हिशेब तरी रोखीत चालू होता.

*

मामा स्टुडिओत आले ते भर दुपारी. आले आणि पडद्यापुढच्या स्टुलावर बसले, जणू पासपोर्ट फोटोच काढायचा आहे. धीरजला वाटलं, आली वेळ. तेरवीपासून तो या घडीची तयारी करत होता. माफीची वाक्यं त्यानं मनात इतक्यांदा म्हटली होती की ती गुळगुळीत झाली होती. तो उभा राहिला.

मामा म्हणाले, “तो फोटू पाह्यजे.”

“कोनता मामा?”

“बाजारातला. ते होती त्याच्यात. माह्या बाजूनं.”

धीरजला आधी समजलं नाही. मग समजलं. साऱ्या जगात तो चेहरा पोचला होता, आणि या माणसाला त्यातला कापून टाकलेला तुकडा हवा होता. जिच्याकडे पाहत होते, ती.

“असन कुठीतरी,” तो म्हणाला. “पाहतो मामा.”

मामांनी मान हलवली आणि गेले.

फोटो कुठंच नव्हता, हे धीरजला ते उठायच्या आधीच ठाऊक होतं. त्यानं मोबाईलवरच कापाकापी केली होती आणि मूळ फोटोवरच ती साठवली होती. नंतर तो मोबाईलही कारंज्याला देऊन बदल्यात नवा घेतला होता. तरी तो कारंज्याला गेला. दुकानदारानं विचारलं, कोणता मोबाईल, कधीचा, आणि हसला. संगणकात होता तो बाबाच. धीरजनं तेजाचा गोळा पुसून पाहिला. खाली हात नव्हता, वांगं नव्हतं, सपाट काळं होतं.

दर बाजारी मामा यायचे. विचारायचे नाहीत. स्टुलावर बसायचे, थोडा वेळ पंख्याकडे पाहायचे, आणि धीरज ‘पाहून राह्यलो मामा’ म्हणाला की उठायचे. एकदा मुलगी प्रियदर्शनी रिसोडहून आली होती, तिनं धीरजला गाठून सांगितलं की वडिलांनी भिंतीवर खिळा ठोकून ठेवला आहे. घरात दुसरं काही बोलत नाहीत. भाऊ, तेवढा फोटो लवकर द्या.

मग धीरजनं ‘शहाना बाबा’च्या पानावर सरळ लिहिलं. गेल्या हिवाळ्यात कामरगावच्या बाजारात कुणी फोटो काढले असतील, कुणाच्या फोटोत भाजीवाल्या बाबांच्या शेजारी बसलेली बाई आली असेल, तर पाठवा. तिचा एकही फोटो घरात नाही. मनापासून विनंती.

उत्तरं भरपूर आली. लोकांना वाटलं हा आजचा विनोद. बाबांना बायको पाहिजे. वत्सा, माही कुंडली जुळव. कुणी नट्यांचे फोटो पाठवले, कुणी आपल्या सासूचा. धीरजनं खाली लिहिलं की मी खरं सांगून राह्यलो, बाई वारली. त्यावर एकानं लिहिलं, घाबरू नको, दुसऱ्या भागात परत येईल. त्या वाक्यावर सगळ्यात जास्त हसू पडलं. धीरजनं ते शेवटपर्यंत वाचलं. आपलंच वाक्य असं परक्या गावचं होऊन दारात यावं, आणि त्याला बस म्हणायचीही सोय नसावी, अशी गत झाली. मोबाईल पालथा ठेवून तो लॅमिनेशनचं मशीन गरम करायला लागला. लॅमिनेशनला काही नव्हतं.

*

शेवटी त्यानं मशीनकडूनच मामी मागवली. हल्ली अशी ॲपं निघाली आहेत, अर्धा फोटो दिला की उरलेला अर्धा ती स्वतः रंगवून देतात. धीरजनं मामांचा चेहरा दिला, आधार कार्डाचा फोटो दिला आणि लिहिलं की शेजारी बायको बसव, गावची, भाजी विकणारी.

ॲपनं बसवली. गोरीपान, तिशीची, नाकात नथ, अंगभर पैठणी, सगळे दात जागच्या जागी, हात जोडलेले. सीतामामीचे दोन हात कामाशिवाय एकत्र आल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. धीरजनं तिचं वय वाढवलं, रंग सावळा केला, पैठणी काढून साधं लुगडं दिलं, नथ उतरवली, पुढचा एक दात काढला. चार दिवस तो हेच करत होता. होता होता ती बाई कुणाच्याही घरची मावशी वाटेल इतकी बरी झाली. त्यानं छापली, काच लावली, चौकट केली, जुन्या पेपरात गुंडाळली आणि वावरात गेला.

मामा मेथीला पाणी देत होते. हनुवटीवर आता बोटभर पांढरे खुंट आले होते. धीरजनं पेपर सोडला आणि चौकट पुढे केली. मामांनी फावडं बांधावर टेकवलं, हात धोतराला पुसले आणि दोन्ही हातांनी चौकट धरली.

पाहिलं. काचेवर धूळ बसली होती, ती उपरण्यानं पुसली. पुन्हा पाहिलं. मग परक्या घरची पाहुणी आली की ज्या अदबीनं बोलतात, तसं हळू विचारलं, “बरी हाय बाई. कोनाची व्हय?”

धीरजला मामी म्हणायचं होतं. त्याऐवजी तो बांधावर बसला आणि जे होतं ते सांगितलं. फोटोतून मामीला त्यानंच कापलं. कापलेल्यावरच साठवलं. मोबाईल देऊन टाकला. गोळ्याखाली तिचा हात होता, तोही आता नाही. फोटो कुठंच नाही, आधीही नव्हता. तो उगीच पाहतो पाहतो म्हणत राहिला, कारण नाही म्हणायची हिंमत झाली नाही. ही बाई कुणाची नाही, मशीननं काढली.

मामा ऐकत होते. वाफा भरला होता, पाणी कडेवरून बाहेर जायला लागलं होतं. त्यांनी चौकट धीरजच्या मांडीवर ठेवली, फावडं घेतलं, थोडी माती इकडची काढून तिकडं लावली. पाणी पुढच्या वाफ्यात वळलं. ते त्या पाण्याकडे बघत उभे राहिले. मेथीच्या कोवळ्या पानांखाली ओल चढत गेली, कोपऱ्यापर्यंत गेली, थांबली. मामांनी पुढचा घाव घातला.

धीरज वाट पाहत होता. मघापासून, तेरवीपासून, कदाचित त्याच्याही आधीपासून. आता फावडं फेकतील, आता आई काढतील, आता निदान इथून जा म्हणतील. चेहरा तर तोच होता, ज्याच्यात लोकांना मृत्यूच्या पलीकडचं दिसत होतं. त्यात आत्ता काहीच दिसत नव्हतं. आणखी एक वाफा भरला. दूर रस्त्यावरून कारंज्याची एसटी गेली.

धीरजला ते सोसेना. तो उठून मामांच्या समोर चिखलात जाऊन उभा राहिला.

“मामा, काहीतरी बोला ना. शिव्या द्या, दोन ठेवून द्या मले. तुमाले राग नाही आला काय माहा?”

मामांनी फावड्याचा चिखल बोटानं निपटला.

“आला असता तं बरं झालं असतं.”